अमेरिकेतल्या शहरी कॉलेज-प्रेप हायस्कूलमध्ये नव्याने येताय? आधी माणसं जोडा

मी नववीत असताना आम्ही अमेरिकेत आलो आणि मोठ्या शहरातल्या एका कॉलेज-प्रेप, म्हणजे मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या, पब्लिक (सरकारी) हायस्कूलमध्ये मी बारावीपर्यंत शिकले. आता ओळखीतल्या मुलांचे नाहीतर त्यांच्या आयांचे मेसेज येत असतात, एपी (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) किती घ्यायचे, एसएटीला (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) क्लास लावायचा का वगैरे. सगळे प्रश्न रास्तच आहेत, पण मला वाटतं त्याच्याही आधीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरवर नावसुद्धा नसतं, नुसता सीट नंबर, तपासणाऱ्याला तुम्ही कोण याच्याशी काही देणंघेणं नाही. इथे बरोबर उलटं, कॉलेजच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये मार्कांइतकंच तुम्हाला ओळखणाऱ्या मोठ्या माणसांचं म्हणणं जातं. त्यामुळे चार वर्षं मान खाली घालून नुसता अभ्यास केलात तर मार्क छान येतील, पण तुमच्याबद्दल दोन शब्द लिहायला कोणी नसेल.

शाळांचे प्रकार थोडक्यात सांगते. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नसते, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात. न्यूयॉर्कचं स्टायव्हसंट किंवा १६३५ पासून चालू असलेलं बॉस्टन लॅटिन अशा काही पब्लिक शाळांमध्ये निवडून घेतात, स्टायव्हसंटला तर वेगळी प्रवेश परीक्षाच आहे. आणि भरपूर फी असलेल्या प्रायव्हेट प्रेप शाळा आहेतच. पण नववीपासून सगळी गाडी कॉलेजच्या दिशेने चाललेली असते हे सगळीकडे सारखंच.

आता काउन्सेलर, म्हणजे विषय निवडण्यापासून कॉलेजच्या अर्जापर्यंत मदत करणारा शाळेतला माणूस. इथल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे की एका काउन्सेलरकडे २५० मुलं असावीत, आणि शहरी पब्लिक शाळांमध्ये त्याहून कितीतरी जास्त असू शकतात. म्हणजे तो माणूस आपणहून तुम्हाला शोधत येईल ही अपेक्षाच ठेवू नका. शाळा सुरू झाली की पहिल्या महिन्यातच ईमेल टाकून वेळ घ्या, भारतातल्या मार्कशीटच्या कॉपी घेऊन जा आणि कुठल्या विषयाला कुठल्या लेव्हलला बसवलंय ते विचारा. गणितात तर हे फारच महत्त्वाचं, नववीत खालच्या लेव्हलला टाकलं गेलं की बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायला धावपळ होते.

बऱ्याच शाळांमध्ये अ‍ॅडव्हायझरी असते, दहा-पंधरा मुलांचा छोटा गट आणि त्यांना एक टीचर. नवीन मुलांना हा तास फुकट वाटतो कारण शिकवत काहीच नाहीत, नुसत्या गप्पा. तो चुकवू नका, इथे तुमचं घरी काय चाललंय हे माहीत असलेलं शाळेतलं पहिलं मोठं माणूस बहुतेक हेच असतं.

टीचर लोकांशी बोलण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आपली मुलं इथेच अडकतात. पहिलं म्हणजे नुसतं सर किंवा मॅडम नाही, मिस्टर किंवा मिस आणि पुढे आडनाव. दुसरं, शंका असो नसो, ऑफिस अवर्सला, म्हणजे टीचर मुलांना भेटायला मोकळे असतात त्या वेळेला, जायचं. आपल्याला लहानपणापासून सवय अशी की टीचरकडे जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय म्हणून, नाहीतर काही येत नाही म्हणून. इथे असं नाही. माझ्या हिस्टरीच्या टीचर निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी जांभळ्या पेनने 'सो व्हॉट?' लिहायच्या, म्हणजे बरं मग, याचं काय? मी तो कागद घेऊन शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात जाऊन बसायचे, त्या दुसऱ्यांचे पेपर तपासत असायच्या आणि मध्येच मान वर करून म्हणायच्या, मोठ्याने वाच. मी वाचायचे आणि वाचतानाच मला कळायचं की या परिच्छेदात मी काहीच म्हटलेलं नाहीये. पुढे माझं रेकमेंडेशन लेटर त्यांनीच दिलं.

बरीच कॉलेजं टीचरची एक-दोन लेटर्स मागतात, शक्यतो अकरावीत मुख्य विषय शिकवलेल्यांची. ती अकरावी संपायच्या आत, समोर जाऊन मागायची, कारण लोकप्रिय टीचरकडे रांग लागते. मग ते ब्रॅग शीट देतात, म्हणजे तुम्ही काय काय केलंत त्याचा फॉर्म. स्वतःचं कौतुक कसं लिहायचं म्हणून तो कोरा ठेवू नका, त्यांना लिहायला तेवढाच आधार असतो. कॉमन अ‍ॅपवर (एकाच ठिकाणी अर्ज भरून बऱ्याच कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) लेटर बघायचा हक्क सोडताय का असं विचारतात, तिथे बहुतेक सगळे हो म्हणतात, म्हणजे लेटर मोकळेपणाने लिहिलंय असं कॉलेजला वाटतं.

आणि मित्रमैत्रिणी. शहरी शाळेत एकाच बाकावर फार वेगवेगळ्या घरची मुलं असतात, कोणाचे आईवडील दोघं डॉक्टर तर कोणाच्या घरात कॉलेजला जाणारं हेच पहिलं पोर. माझी लॅब पार्टनर शाळा सुटली की धाकट्या भावंडांना आणायला पळायची, त्यांचं खाणंपिणं, होमवर्क सगळं तिच्याकडे, म्हणून एकही क्लब नाही. कॉमन अ‍ॅपवर अ‍ॅक्टिव्हिटीच्या दहा जागा असतात, तिने एकच भरली होती. काउन्सेलरने तिला सांगितलं की घरची जबाबदारी ही पण अ‍ॅक्टिव्हिटीच आहे, यादीत तसा प्रकारच आहे. वर्णनाला फक्त १५० अक्षरं मिळतात, आम्ही दोघी लायब्ररीत बसून तिची रोजची दुपार त्या १५० अक्षरांत बसवत होतो, एक एक शब्द काढायचा, परत मोजायचं, आणि लिहून झाल्यावर ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती की हे सगळं मी करते? तुमच्या घरी आजीची काळजी तुम्ही घेत असाल, आईबाबांची कागदपत्रं तुम्ही वाचून देत असाल तर ते बिनधास्त लिहा.

बारावीत नोव्हेंबर ते मार्च मात्र वातावरण तंग असतं. अर्ली डिसिजनचे, म्हणजे मिळालं तर तिथेच जाणार असं कबूल करून एकाच कॉलेजला लवकर केलेले, अर्ज नोव्हेंबरमध्ये जातात, डिसेंबरमध्ये कोणाचं झालं कोणाचं नाही ते कळतं, आणि एकाच शाळेतले चारजण एकाच कॉलेजला लावून बसलेले असतात. आमच्यात न बोलता ठरलेला नियम होता, तुझं कुठे झालं असं विचारायचं नाही, सांगायचं असेल तो सांगेल. हा नियम आईबाबांनी पण पाळावा अशी माझी अगदी मनापासून विनंती आहे, मराठी मंडळाच्या ग्रुपवर अमक्याच्या मुलीचं कुठे झालं ते वाचून घरी विषय काढला की त्या रात्री पोराला झोप लागत नाही.

शेवटचं, एच-४ वर, म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांसाठी. काउन्सेलरला व्हिसाचं स्टेटस दहावीतच सांगून ठेवा. ते गृहीत धरतात की सगळी मुलं फाफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा फॉर्म) भरणार, पण फेडरल मदत सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि अजून काही ठरावीक गटांनाच मिळते, एच-४ त्यात येत नाही. नॅशनल मेरिटला, म्हणजे पीएसएटी या परीक्षेवरून मिळणाऱ्या स्कॉलरशिपला, पूर्वी सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्डची अट होती, आता अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना ती नाही. इन-स्टेट फीचा (त्या राज्यात राहणाऱ्यांना सरकारी कॉलेजात लागणारी कमी फी) नियम प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, तो कॉलेजच्या ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर मागून घ्या. आणि प्रायव्हेट कॉलेजं स्वतःच्या पैशातून मदत देतात, त्यातली काही बाहेरच्या देशातल्या मुलांनाही देतात, तेव्हा यादी करताना ती आधी शोधा आणि काउन्सेलरसमोर ठेवा.