सोलापुरी चटणी-भाकरीची कृती कुणाला देताय? या चुका टाळा

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, तू लिहून दिलंस तस्संच केलं गं. पण चटणीचा गोळा झालाय. चमचा उभा राहतोय त्यात." पाठोपाठ फोटो आला. मिक्सरच्या भांड्यात तपकिरी लगदा, वर तेलाचा तवंग. अर्धा किलो शेंगदाणे, पोह्याचे चार चमचे तिखट, दोन गड्डे लसूण, चमचाभर जिरं, मीठ. सगळं मापात होतं. मग मी माझाच मेसेज उघडून वाचला, तर शेवटची ओळ: "सगळं मिक्सरला फिरवून घे."

म्हणजे चूक तिची नव्हतीच. आपण कृती देताना जिन्नस अगदी निगुतीने लिहितो आणि हाताचं काम गाळून टाकतो. ते आपल्याला इतकं सवयीचं असतं की लिहिण्यासारखं वाटतच नाही. नंतर बिघाड होतो तो नेमका तिथेच.

आधी चटणीचंच घेऊ. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. उखळात मुसळाचा घाव बसला की दाणा चेचला जातो, त्यातलं थोडं तेल बाहेर येतं आणि तेच तिखट-मीठ दाण्याला धरून ठेवतं. म्हणून आपली चटणी ओलसर दिसते. मुठीत दाबली की मूद होते आणि बोट लावलं की मोकळी. मिक्सरचं पातं चेचत नाही, कापतं, वर तापतंही. जरा जास्त फिरलं की सगळंच तेल सुटून लगदा होतो. घाबरून कमी फिरवलं तर उरतो नुसता कोरडा कूट, उपवासाच्या खिचडीत घालतो तसला.

घरात उखळ नसेल तर असं लिहून द्या: दाणे मंद आचेवर, साल चिमटीत सहज निघेपर्यंत भाजायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट दाणा मिक्सरमध्ये गेला की लगदा ठरलेलाच. आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट एकत्र वाटायचं, मग दाणे थोडे थोडे घालून बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं चालू-बंद करायचं. शेवटी ती भरड खलबत्त्यात घालून हात दुखेपर्यंत कुटायची. तेल सुटतं ते या शेवटच्या कुटण्यात. लसूण धुतला असेल तर कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. पाण्याचा अंश राहिला तर चटणी लवकर बिघडते, आणि मग लोक म्हणतात, सोलापूरसारखी टिकत नाही.

लगदा झालाच असेल तर टाकून देऊ नका. थोडा जाडसर कूट घालून हाताने चोळा, खाण्याजोगी होते. नाहीतर कोमट पाण्यात कालवा आणि फोडणीत ओता, झाली शेंगाची आमटी. भाचीने तेच केलं. त्या आमटीसोबत खायला तिने कडक भाकरी करायला घेतली आणि दुसरा फोन आला.

"मावशी, भाकरी थापतानाच चिरतेय."

इथे मी पीठ किती जुनं आहे ते लिहिलं नव्हतं. सोलापुरात हा प्रश्नच येत नाही, कारण आपण गिरणीतून आठ दिवसांचं दळण आणतो. ज्वारीत गव्हासारखा ताण नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, भाकरी काठाला फाटणारच. विकतच्या पाकिटातलं पीठ कधीचं दळलेलं आहे, कुणास ठाऊक. अशा पिठात उकळतं पाणी घालायचं, थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि मग तळहाताने रगडून मळायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गेलेली विरी बरीचशी परत येते. शक्य असेल तर मालदांडी ज्वारी विकत घेऊन दळून आणा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही, पण ते कौतुक ताज्या दळणाचं आहे. डब्यात दोन महिने पडलेल्या पिठाला मंगळवेढाही वाचवू शकत नाही.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे पाणी फिरवण्याची वेळ. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा. फोन बघत बसलात तर ती बाजू कोरडी पडते आणि भेगा जातात. उलटायची मात्र ते पाणी सुकत आल्यावर. फार लवकर उलटलीत तर तव्याला चिकटते.

आणि कडक भाकरी म्हणजे उरलेली भाकरी वाळवणं नव्हे! हा गैरसमज पुण्या-मुंबईत फार आहे. कडक भाकरी मुळातच पातळ थापायची असते. दोन्ही बाजूंनी भाजून झाली की आच अगदी मंद करून, फडक्याने दाबत दाबत तिच्यातला ओलावा काढायचा. आई चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, गॅसवर मात्र दहा-बारा मिनिटं तव्याजवळ उभं राहावं लागतं. जाड भाकरी बाहेरून कडक दिसते, आत ओल राहते आणि चौथ्या दिवशी बुरशी धरते. गरम असताना डब्यात भरली तरी तेच, वाफेने मऊ पडते. परातीत पसरून गार करा, मोडल्यावर पापडासारखा आवाज आला तरच भरा. पावसाळ्यात डब्यात मऊ पडली तर पुन्हा मंद तव्यावर ठेवली की ताळ्यावर येते.

शेंगाच्या पोळीचं थोडक्यात सांगते. पोळी तव्यावर फुटते आणि गूळ जळतो, कारण सारणात गुळाच्या गाठी राहिलेल्या असतात. गाठ वितळली की तिथे भोक पडतं. गूळ मऊ घ्या, चिक्कीचा नको; बारीक किसा, कुटाबरोबर मळून एकजीव करा. लाटताना सारण काठापर्यंत गेलं पाहिजे. हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या गुळाच्या खिरीत, दूध फाटतं म्हणून विचारणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: गूळ घातल्यावर उकळत्या पातेल्यात दूध घालू नका, वाढताना वाटीत घाला.

आता मापं. माझ्या सासूबाई चिपटं-मापट्याने बोलायच्या. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. शेजारणीने तिच्या सुनेला चिपटं म्हणजे एक कप असं सांगून टाकलं आणि वर्षाच्या काळ्या तिखटाचा पार बोजवारा उडाला. ही मापं आकारमानाची, वजनाची नव्हेत. धन्याचं चिपटं आणि मिरचीच्या पुडीचं चिपटं वजनाला सारखं भरत नाही. एक जुनं चिपटं घ्या, त्यात जिन्नस भरून काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहा.

वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवून "सांगा बरं कृती" म्हणणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. त्या आठवून सांगतात आणि आठवताना आपोआप होणाऱ्या गोष्टी गळतात. त्यांना ओट्याशी उभं करा. तिखटाचा डबा आधी काट्यावर ठेवा, त्यांना नेहमीसारखं घालू द्या, मग डबा पुन्हा ठेवा. आईचं "जरासं" 42 ग्रॅम निघालं. ती मानायलाच तयार नव्हती. काटा बिघडलाय म्हणाली.

आणि कृपा करून वर "अस्सल सोलापुरी" असं लिहू नका. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी घरं एकमेकांना खेटून आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली चटणी आणि बाळीवेशीतल्या लिंगायत घरातली चटणी सारखी लागत नाही, दोन्ही सोलापूरच्याच. कुणाच्या घरची ते लिहा. "आमच्या आजीची, आमटी दाट आवडणारी" एवढं पुरतं, वाचणाऱ्याला आमटी किती दाट हवी तेही कळतं.

भाची गेल्या महिन्यात आली होती. जाताना आईचा लोखंडी खलबत्ता मागून घेतला. स्टेशनवर पोचेपर्यंत पिशवीचा एक बंद तुटला, तर तिने तो ओढणीत गुंडाळला, कडेवर घेतला आणि तशीच गाडीत चढली.