स्वमग्न मुलांना शिकवताना रोबोट कसा वापरावा आणि बाजूला कसा काढावा

रोबोट कोणता घ्यावा यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. 58 सेंटीमीटर उंचीचा, माणसासारखा दिसणारा नाओ रोबोट असो, किंवा ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005 पासून घडत गेलेला, मुद्दाम मोजकेच हावभाव दिलेला कास्पर असो, कौशल्य आधी ठरवावे आणि ते एकच असावे: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, किंवा दुसऱ्याने दाखवलेल्या वस्तूकडे पाहणे.

पहिल्या सत्रात रोबोट बंद ठेवून मुलाला हाताळू द्यावा. आवाज कमी असावा. वेळ आणि क्रम बदलू नयेत.

खरी परीक्षा पुढे आहे. रोबोटसोबत जमलेले माणसांसोबत जमेलच असे नाही, आणि मी इथेच फसलो. एक मुलगा रोबोटने मान वळवताच त्या दिशेला अचूक पाहत असे आणि मी समाधानाने वहीत खुणा करत असे. एकदा त्याच खेळात आईने बोट दाखवले, तर तो हललाही नाही. पुन्हा निरखल्यावर उमगले, की रोबोटच्या मानेतल्या मोटरची घरघर ऐकून तो वळत होता. नजरेचा माग घेणे तो शिकलाच नव्हता.

तेव्हापासून पालकाला मी पहिल्याच आठवड्यात खेळात बसवतो. आधी रोबोट वस्तू दाखवतो आणि आई नुसती सोबत पाहते. मग दोघे आळीपाळीने दाखवतात. मग रोबोट फक्त ‘आता आईला विचार’ एवढेच म्हणतो. शेवटी तो फळीवर गप्प बसतो. एका पायरीवर मूल अडले, तर मागच्या पायरीवर यावे, मात्र रोबोट एकाएकी नाहीसा करू नये आणि शिक्षा म्हणून तर कधीच काढून घेऊ नये. (बॅटरी मध्येच संपते, म्हणून ‘रोबोट झोपला’ असे चित्रकार्ड जवळ ठेवावे.)

‘मूल रोबोटशी किती बोलते ते मोजा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्यात नवलाईचाच वाटा मोठा असतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांच्या 2018 मधील अभ्यासात 12 मुलांच्या घरी महिनाभर, रोज अर्धा तास रोबोट आणि पालक यांच्यासह खेळ घेतले गेले, आणि मुलांचे लक्ष मोठ्या माणसांसोबत, रोबोट नसताना तपासले गेले. तुम्हीही आठवड्यातून एकदा रोबोट दुसऱ्या खोलीत ठेवून तोच खेळ घ्यावा आणि प्रगतीच्या वहीत त्या दिवसाचीच नोंद करावी.