धक्क्यावरून गरी टाकताना: बेळगावहून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी

हिडकलच्या जलाशयावर चिलापी धरलेला किंवा खानापूरकडे मलप्रभेच्या डोहात मरळ काढलेला माणूस पहिल्यांदा वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभा राहतो, तेव्हा त्याचे हात सवयीने नदीचंच काम करतात. माझंही तसंच झालं. पहाटे पोचलो, अंगातल्या सगळ्या जोराने शिसं लांब भिरकावलं आणि चार तास रॉडच्या टोकाकडे बघत बसलो. एक मासा लागला नाही. शेजारी साठी उलटलेले एक काका बसले होते. रॉड नाही, रील नाही, फळीला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आणि एक गळ. त्यांच्या बादलीत पाच-सहा मासे झाले होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. म्हणाले, "झिला, मासो थंय भायर नाय, हंयच आसा. खांबाच्या बुडात सोड."

सोडला. दहा मिनिटांत तळहाताएवढी तांबोशी वर आली. पुढच्या अर्ध्या तासात आणखी दोन, आणि मग पाणी थांबलं तसे मासेही थांबले. काका तेव्हा गरी गुंडाळून घरी निघाले होते. त्या सकाळी मला दोन गोष्टी कळल्या: धक्क्यावरचा मासा आपल्या पायाखाली असतो, आणि पाणी चालत असतं तेव्हाच तो खातो. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी तिथी बघा, मग रजा टाका

आपल्याकडून समुद्र जवळ नाही. आंबोली घाटाने वेंगुर्ला किंवा चोर्ला घाटाने पणजी, दोन्ही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कारवार त्याहून लांब. रेल्वे मार्मागोव्याला पोचण्याआधी बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्यालाच जायचा, म्हणजे ही वाट आपल्या पायाखालची जुनीच. पण एवढं अंतर तोडून चुकीच्या वेळी पोचलात, तर आमिष कितीही चांगलं असो, उपयोग होत नाही.

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. घरातल्या दिनदर्शिकेवरूनही अंदाज बांधता येतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. त्रयोदशीला १३ गुणिले ३ म्हणजे ३९, भागिले ४, म्हणजे पावणेदहा. गोवा-वेंगुर्ल्याच्या बाजूला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेव्हा नऊच्या सुमाराची धरून चालावं. नेमकी वेळ मोबाईलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात जरूर बघा. हिशेब रविवार निवडण्यासाठी, तक्ता निघण्याची वेळ ठरवण्यासाठी.

मला स्वतःला द्वादशी ते चतुर्दशीची सकाळ सगळ्यात आवडते, मग पक्ष कुठलाही असो. उजाडताना पाणी अर्धं चढलेलं असतं आणि पुढचे दोन-तीन तास चढतच राहतं. अंधार-उजेडाची संधी आणि चालतं पाणी दोन्ही एकत्र मिळतात. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते रेंगाळतं, मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळपास निम्मं पाणी येऊन जातं. ते दोन तास चुकवू नका, डबा नंतर उघडा.

अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. मासे मिळतात, पण धीर लागतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण जोरात असतं. तेव्हा खाडीच्या तोंडाशी शिसं जागेवर टिकत नाही, म्हणून धक्क्याच्या आडोशाची बाजू धरायची.

पावसाळ्यात जाऊ नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. काठावरून गरी टाकणाऱ्याला ती बंदी लागू नसली, तरी त्या दिवसांतली लाट धक्क्यावरून माणूस ओढून नेते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो. तिथून पुढे मे महिन्यापर्यंत हंगाम आपलाच.

खांब, सावली आणि पाण्याची ओढ

धक्क्यावर पोचल्यावर लगेच सामान उघडू नका. पाच मिनिटं वाकून खाली बघा. खांबांना कालवं, शिणाणे चिकटलेले असतात, त्यांच्यात खेकडे आणि बारीक कोळंबी लपलेली असते. ते खायला लहान मासे येतात, आणि त्यांना खायला तांबोशी, गोबरा. खांबामागे पाण्याचा जोर तुटतो. मासा त्या शांत जागेत थांबतो आणि प्रवाहातून वाहत येणारं खाणं टिपतो. म्हणून आमिष खांबाच्या ज्या बाजूने पाणी येतं तिथे, खांबापासून हातभर लांब सोडायचं. ओढीने ते आपोआप माशापुढे जातं. पाणी फिरलं की तुम्हीही बाजू बदलायची. सकाळभर एकाच ठिकाणी खुर्ची टाकून बसणाऱ्याला हे जमत नाही.

रात्री दिव्याखाली जाल तर झगझगीत उजेडात गळ टाकू नका. उजेडात बारीक मासळी फिरते, मोठा मासा उजेड संपून सावली सुरू होते त्या रेषेवर असतो.

धक्का कोळ्यांचा आहे, आपण पाहुणे. बोट लागत असेल तर गरी वर घ्या, त्यांच्या दोरांवर पाय देऊ नका. मोठ्या बंदरांत आणि कारवारला नौदलाच्या हद्दीजवळ परवानगीशिवाय उभं राहता येत नाही. आधी विचारा.

सामान थोडंच, पण नीट बांधलेलं

लांब फेकायचं नाही म्हटल्यावर दहा-बारा फुटी रॉडची गरज उरत नाही. सात-आठ फुटांचा, कमरेत दम असलेला रॉड, मध्यम आकाराचं रील आणि ०.४० मिलिमीटरचं तंगूस पुरतं. शेवटचा हातभर भाग मात्र ०.६० चा जाड हवा, कारण कालवांच्या धारेला बारीक तंगूस घासलं की सुरीने कापल्यासारखं तुटतं. तांबोशीसाठी १ किंवा १/० नंबरचा गळ, मुडदुशीसाठी बारीक ६ नंबरचा. शिसं २० ते ६० ग्रॅमपर्यंत तीन-चार वजनांचं ठेवा आणि तळाला जेमतेम टेकेल एवढंच लावा. जड शिसं कपारीत जाऊन बसतं.

अडकणं टाळता येत नाही, नुकसान कमी करता येतं. शिसं सगळ्यात खाली, मुख्य तंगुसापेक्षा बारीक दोऱ्याने बांधा, आणि गळ त्याच्या वीतभर वर काढा. शिसं अडकलं तर बारीक दोरा तुटेल, गळ आणि मासा हातात राहतील.

गाठ मारताना तंगूस गळाच्या डोळ्यातून काढा आणि टोक मुख्य तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग डोळ्याजवळच्या पहिल्या फासातून ते बाहेर काढून, त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून परत घाला. आवळण्याआधी थुंकीने ओलं करा. कोरडं ओढलं तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमकुवत होतं. माझा एक चांगला मासा अशाच कोरड्या गाठीवर गेला. तुटलेलं टोक कुरळं झालेलं होतं, ते आजही डोळ्यांपुढे आहे.

आमिष तिथलंच घ्या

बेळगावच्या बाजारातून कोळंबी नेऊ नका. ती किनाऱ्यावरूनच वर आलेली असते, परत खाली नेईपर्यंत मऊ पडते. पहाटे होड्या लागतात तिथे मूठभर ताजी कोळंबी, दोन माकुलं, चार तारल्या मिळतात. नदीवर चालणारी गांडुळं खाऱ्या पाण्यात फार वेळ टिकत नाहीत. कणकेचा गोळा मात्र बोय मासा आवडीने घेतो, तेव्हा तो टाकाऊ समजू नका.

मेलेली कोळंबी लावताना शेपटीचा पंखा मोडून टाका. तिथूनच गळ आत घाला आणि कोळंबीच्या बाकाबरोबर गळाचा बाक वळवत न्या. टोक पोटाकडून बाहेर काढा आणि बाहेरच ठेवा. आमिष सरळ बसलं पाहिजे. वाकडं बसलं तर ते पाण्यात गरगर फिरतं, तंगुसाला पीळ पडतो आणि मासा बुजतो. जिवंत कोळंबी असेल तर डोक्यावरच्या करवती काट्याखालून गळ ओवा, आतल्या काळ्या ठिपक्याला लागू न देता. तशी ती बराच वेळ पोहत राहते. माकुलाची बोटभर पट्टी कापा, एका टोकाला निमुळती.

दर १५-२० मिनिटांनी आमिष बदला. वरून जसंच्या तसं दिसतं, पण त्याचा वास धुऊन गेलेला असतो.

आणि तारल्यांची डोकी फेकू नका. ठेचून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत एका दगडासोबत भरा आणि खांबाच्या वरच्या अंगाला दोरीने सोडून ठेवा. तेलाचा तवंग पाण्याबरोबर पसरतो आणि मासे त्या वासावर येतात. जाताना पिशवी वर काढायची.

लागल्यावर

मुडदुशी टकटक करते, बोय नुसतं ओढल्यासारखं करतो, तांबोशी एकदम घेऊन खांबाकडे पळते. तिच्याशी पहिले दोन-तीन सेकंदच महत्त्वाचे असतात. ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटू न देणारा रीलचा ब्रेक, आधीच घट्ट ठेवा, रॉड वाकू द्या, तंगूस सोडू नका, आणि तोंड समुद्राकडे ठेवून खांबापासून दोन पावलं बाजूला चाला. एकदा ती खांबाला वळसा घालून गेली की संपलं.

धक्का उंच असतो, मासा हवेत लटकवून ओढला की तोंड फाटतं किंवा गाठ सुटते. लांब दोरी बांधलेली गोल जाळी आधीच पाण्यात सोडा आणि दमलेला मासा तिच्यावर आणा. एकट्याने हे अवघड जातं, शेजारच्याला हाक मारा. धक्क्यावर कुणी नाही म्हणत नाही.

शिंगाळा लागला तर हाताने धरू नका. पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे त्याचे काटे करवती आणि विषारी असतात. पाकटाच्या शेपटीचंही तेच. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते. त्यानंतर दवाखाना चुकवू नका. फुगणारा केंड खाऊ नका, त्याचं विष शिजवूनही जात नाही. बोटभर पिल्लं लागली तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडा. तुटलेलं तंगूस पिशवीत भरून घरी आणा, त्यात पक्षी अडकतात.

घाट चढायच्या आधी

मासा धरताच कल्ल्याखाली कापून रक्त काढा आणि पोट साफ करा. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर मासे, त्यावर पुन्हा बर्फ, जितके मासे तितक्याच वजनाचा. पेटीच्या तळाला भोक ठेवा आणि वितळलेलं पाणी वाटेत काढत राहा. मासे त्या पाण्यात तरंगत राहिले तर आंबोली येईपर्यंतच मऊ पडतात. घरी पोचल्यावर कितीही झोप आली असली तरी रील आणि गळ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवा. खारं पाणी एका रात्रीत रीलच्या आत गंज धरतं.