लष्करी लिलावातला जनरेटर घरी आणायचा तर

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्यात झाडे तारांवर आडवी केली, कित्येक वाड्यांवर दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हापासून घराला जनरेटर हवा असे वाटणारे वाढले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी सांगतेच की मिलिटरीचा सेट लिलावात निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. मिळतो कधीकधी. पण बोली हा या व्यवहारातला सोपा भाग. सेट खरोखर केवढ्याला पडला, हे नेमप्लेट, वजन आणि तुमच्या दारापर्यंतचा रस्ता ठरवतात.

आधी नेमप्लेट

सैन्याचे सगळेच जनरेटर घराला चालतील असे नसतात. पुढच्या तीनपैकी एखादा प्रकार दिसला की तो सेट सोडून पुढे चला.

पहिला, ४०० हर्ट्झचा. विमानांना जमिनीवरून वीज द्यायला आणि काही रडारना हे सेट लागतात. प्लेटवर ११५/२०० व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ असे असते. घरातली वीज ५० हर्ट्झची. आठपट फ्रिक्वेन्सीवर पंपाची मोटर नीट चालत नाही, पंख्याचा रेग्युलेटर बिघडतो. इंजिनाचा वेग कमी करून हे जमवता येत नाही, कारण अल्टरनेटरचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचे, पोलच त्या हिशेबाने बांधलेले असतात. दुसरा, २८ व्होल्ट डीसीचा चार्जिंग सेट. तो वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायला असतो. तिसरा, रॉकेलवर चालणारा छोटा सेट; त्याला आज इंधन कुठून आणणार?

घराला हवा तो ५० हर्ट्झचा, १५०० आरपीएमचा, चार पोलचा डिझेल सेट. सिंगल फेज २३०-२४० व्होल्ट किंवा थ्री फेज ४१५ व्होल्ट. ३००० आरपीएमचाही चालतो, पण आवाज जास्त, झीज जास्त.

क्षमता मोजताना हाव नको. फ्रिज १५०-२०० वॅट, दिवे-पंखे मिळून ४०० च्या आसपास, विहिरीवरचा १ एचपीचा पंप साधारण ११०० वॅट, दीड टनी एसी १५०० ते १८००. पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून एसी चालू असताना पंप सुरू करायचा नाही एवढी शिस्त पाळली तर साडेसात केव्हीए, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने ६ किलोवॅट, बहुतेक घरांना पुरतात. ‘स्वस्तात मिळतोय तर ३० केव्हीएच घेऊ’ हा विचार महागात पडतो. डिझेल इंजिन तीस टक्क्यांपेक्षा कमी लोडवर सतत चालले तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेले डिझेल आणि काजळी सायलेन्सरच्या जोडांतून काळी ओघळू लागते, नोझल चोंदतात. मोठा सेट घेऊन फक्त फ्रिज आणि टीव्ही चालवणे म्हणजे इंजिन हळूहळू मारणे.

थ्री फेज सेट सिंगल फेज घराला लावणार असाल तर लक्षात घ्या, १५ केव्हीएच्या सेटमधून एका फेजला ५ केव्हीएच मिळतात, साधारण २१ अँपिअर. सगळे घर एकाच फेजवर टाकले की व्होल्टेज डगमगते. बारा टोकांचा अल्टरनेटर असेल तर जाणकार वाइंडर (वाइंडिंग भरणारा कारागीर) तो सिंगल फेजला जोडून देतो, तरीही पूर्ण क्षमता हाती येत नाही.

लिलाव

संरक्षण खात्याचा बाद माल प्रामुख्याने एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावात निघतो. जेम या सरकारी खरेदी-विक्रीच्या पोर्टलवरही फॉरवर्ड ऑक्शन, म्हणजे विक्रीचे लिलाव, असतात. खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, पॅन आणि बँकेचे तपशील द्यायचे, अनामत भरायची. मग लिलावाचा कॅटलॉग उघडून अटी शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. काही लॉट फक्त जीएसटी नोंदणी असलेल्यांना किंवा प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्यांना खुले असतात. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरलाच विकल्या जातात, म्हणून सेट बहुधा बॅटरीविना येतो असे धरूनच चला.

माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर. तक्रार चालत नाही. कॅटलॉगमधले ‘बीईआर’ म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून बाद केलेला. याचा अर्थ मोडका असेलच असे नाही, पण चालू असेल असेही नाही. दुसरी गोम अशी की लॉट फुटत नाही. तुम्हाला एक सेट हवा असतो आणि लॉटमध्ये सहा सेट, दोन ट्रेलर आणि एक ढीग भंगार असते. त्यामुळे घरगुती गिऱ्हाइकाला बऱ्याचदा लॉट घेणाऱ्या भंगारवाल्याकडून एकच सेट घेणे सोपे जाते. त्याच्याकडून पक्के बिल घ्याच, शिवाय मूळ डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे माल उचलायच्या परवानगीची, प्रत मागा. हिरवा रंग आणि सैन्याच्या बाणाची खूण असलेले यंत्र कागदाशिवाय घरात ठेवणे म्हणजे उद्या पोलिसांना उत्तरे देत बसणे.

बोली जिंकली तरी काही लॉट ‘मंजुरीच्या अधीन’ असतात. मंजुरी, उरलेली रक्कम, जीएसटी, टीसीएस (विकणाऱ्याने जागीच वसूल करायचा आयकर), मग डिलिव्हरी ऑर्डर. उचलण्याची मुदत ऑर्डरवर असते. ती चुकली की जागाभाडे सुरू होते आणि मुदत फार लांबली तर अनामत जाते. म्हणून बोली लावण्याआधीच गाडी आणि क्रेनवाल्याशी बोलून ठेवा.

पाहणी

माल ठेवलेल्या लष्करी डेपोच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून फोटो नाहीत. वही-पेन्सिल, टॉर्च, पाना, चिंधी आणि जमल्यास ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगचे इन्सुलेशन मोजायचे यंत्र) न्या. मेगर गेटवर आधी दाखवा. नेमप्लेटवरचा रंग चिंधीने पुसून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या: इंजिनाचा मेक आणि मॉडेल, अल्टरनेटरची फ्रेम, वजन. किर्लोस्करसारखे बाजारातले इंजिन असेल तर नोझल, गॅस्केट, फिल्टर मडगावात किंवा बेळगावात मिळतात. खास सैन्यासाठी बनवलेले इंजिन असेल तर एका पंप डायफ्रॅमसाठी सेट पडून राहतो.

सेट तिथे चालू करून बघायला बहुधा मिळत नाही. थंड यंत्राकडून जेवढे कळते तेवढे काढायचे. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रत्येक सिलिंडरला स्प्रिंगसारखा दाब लागला पाहिजे. कुठेच लागला नाही तर व्हॉल्व्ह किंवा रिंग गेलेली, फिरतच नसेल तर जॅम. डिपस्टिकवर दुधी तेल म्हणजे आत पाणी. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट गेले किंवा हेडला तडा. मग गायब काय आहे ते बघा. पडून असलेल्या सेटचे भाग दुसऱ्या सेटला लावण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे नोझल, फ्युएल पंप, स्टार्टर, पॅनलमागचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट) जागेवर आहेत का हे हात लावून तपासा. एव्हीआर नसेल तर सर्वसाधारण ब्रशलेस अल्टरनेटरला बाजारातला चालतो. वाइंडिंग जळाल्याचा वास मात्र वर्षांनंतरही जात नाही. तो आला की किंमत भंगाराची.

मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमध्ये १ मेगाओहमपेक्षा कमी आले तर दमट किंवा खराब. दमट असेल तर घरी १०० वॅटचे दोन-तीन बल्ब अल्टरनेटरच्या आत-बाजूला ठेवून, वर ताडपत्री टाकून दोन-तीन दिवस सुकवता येते. एव्हीआर आणि पॅनलच्या तारा सोडवूनच मेगर लावा, नाहीतर एव्हीआर तिथेच मरतो.

उचलणे आणि आणणे

ट्रेलरवर बसवलेला सेट ओढत आणायचा मोह टाळा. त्याला आरसी नसते, टायर वर्षानुवर्षे उन्हात फुटलेले असतात, दिवे २४ व्होल्टचे. ट्रकच्या हौद्यात चढवूनच आणा.

गाडी वजनावर ठरते. टाटा ४०७ मध्ये दोन टनांच्या घरातला सेट येतो, बोलेरो पिकअपमध्ये सव्वा-दीड टन. कॅनोपी आणि बेसफ्रेमसह १५ केव्हीएचा सेट टनाजवळ जाऊ शकतो, म्हणून प्लेटवरचे वजन न बघता गाडी ठरवू नका. ड्रायव्हर, हमाल यांची ओळखपत्रे आणि गाडीचे कागद गेटपाससाठी आदल्या दिवशीच द्या.

उचलायला हायड्रा, म्हणजे चाकांची छोटी क्रेन, सांगा. इंजिनाच्या डोक्यावरच्या कडीला हुक लावू नका: ती फक्त इंजिन काढण्यासाठी असते, सगळा सेट तिला लटकला की तुटते. बेसफ्रेमच्या चारही कोपऱ्यांतून पट्टे घ्या. पट्टे आडवे होत गेले की ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला तर दोन पट्ट्यांपैकी प्रत्येकावर सेटचे पूर्ण वजन येते. ६० अंशांच्या आसपास ठेवा, त्यासाठी पट्टे लांब लागतात. रेडिएटर चेपू नये म्हणून मध्ये लाकडी आडवी पट्टी द्या.

चढवण्याआधी डिझेल काढा, रेडिएटर रिकामा करा, सायलेन्सरच्या तोंडावर प्लॅस्टिक आणि टेप. इंजिन रबरी माउंटवर डोलते. घाटातल्या हेलकाव्यांनी माउंट फाटतात, म्हणून इंजिन आणि फ्रेम यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोका. गाडीत सेट पुढच्या भिंतीला टेकवून, खाली चाकांच्या ट्यूबचे रबर. मागून लाकडी ठोकळा, मग चार रॅचेट बेल्ट बेसफ्रेमला, आडवे-तिडवे. इंजिनाला किंवा रेडिएटरला बेल्ट नको. पहिल्या वीस-तीस किलोमीटरवर थांबून बेल्ट ताणा, घाट लागण्याआधी पुन्हा एकदा.

मालाची किंमत ५० हजारांवर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, हवे. २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत, म्हणजे पुण्याहून येताना तीन दिवस. जीएसटी नसलेल्या माणसालाही पोर्टलवर नागरिक म्हणून ते काढता येते. बिल, डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास यांचे दोन संच ड्रायव्हरकडे द्या. पत्रादेवी, मोले, केरी, पोळे, कुठल्याही नाक्यावर गाडी अडवली तर हिरवे यंत्र बघून प्रश्न होणारच.

बेळगावहून चोर्ला घाट जवळचा, पण वळणे अरुंद. जड गाडीला रामनगर-अनमोड बरा. कारवारहून येताना घाट म्हणजे फक्त काणकोणच्या पुढचा करमल. पावसाळ्यात या घाटांत दरड पडते, अवजड वाहतूक बंद होते. मेच्या मध्यापर्यंत सेट घरी यायला हवा.

खरी अडचण शेवटच्या शंभर मीटरवर. गावातल्या चिऱ्याच्या दोन कुंपणांमधून हायड्रा जाणार का, वर सर्व्हिस वायर किती उंचीवर आहे, हे टेप लावून मोजा. जात नसेल तर रस्त्यावर उतरवून फळ्यांवर ५० मिलिमीटर व्यासाच्या पाच-सहा लोखंडी पाइपांच्या रोलरवरून सरकवा आणि जागेवर तिवई व चेन पुलीने बसवा. वाटेत सेप्टिक टँकची स्लॅब आहे का ते घरच्या जुन्या माणसाला विचारा. टनभर वजन त्यावर आले तर सेट टाकीत.

बसवणे

काँक्रीटचा चौथरा १५० मिलिमीटर जाड, जमिनीपासून निदान तेवढाच वर, सेटपेक्षा चारही बाजूंनी १५० मिलिमीटर मोठा. वर पत्रा, दोन बाजू उघड्या. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू बंद आणि गरम हवा विरुद्ध बाजूला. पडवीत सेट ठेवायचा नाही: कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि खिडकीतून तो झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो. लष्करी सेट बहुधा उघडा, आवाज भारी. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा शेजाऱ्याशी भांडण नको असेल तर कॅनोपीचा खर्च आधीच धरा.

वायरिंग लायसन्सधारकाकडूनच, आणि चार पोलचा चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा सेटला, एकालाच जोडणारा. सॉकेटमध्ये दोन पिनांची वायर खुपसून घर चालू करणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून उलट ११ हजार व्होल्ट लाइनवर, आणि त्या लाइनवर वीज खात्याचा लाइनमन चढलेला असतो. परवानगीबाबत वीज खात्याच्या उपविभागात सेटची क्षमता सांगून लेखी विचारा. अर्थिंगचे चार खड्डे: दोन न्यूट्रलला, दोन बॉडीला. चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि रोध चढतो. खड्डा खोल घ्या, बेंटोनाइट ही ओल धरणारी माती भरा. किनाऱ्याजवळ जीआय पाइप खाऱ्या मातीत खातो, तांबे टिकते. न्यूट्रलचा एक सैल नट थ्री फेज सेटवर ४१५ व्होल्ट घरात आणू शकतो; टीव्ही आणि फ्रिज एका मिनिटात जातात.

पहिल्यांदा चालू करण्याआधी तेल, तिन्ही फिल्टर, कूलंट, फॅन बेल्ट आणि सगळे होज बदला. उभ्या राहिलेल्या सेटचे रबर आधी जाते. २४ व्होल्टच्या स्टार्टरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. डिझेल बंद ठेवून, तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोडे-थोडे क्रँक करा, मगच हवा काढून डिझेल सोडा. रिकाम्या लोडवर साधारण ५२ हर्ट्झ, भरल्यावर ५० हवे. व्होल्टेज शून्यच आले तर बहुधा रोटरची उरलेली चुंबकता गेलेली असते. एव्हीआरच्या तारा सोडवून वाइंडरकडून १२ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर फ्लॅश करून घ्या. मग हीटर लावून पाव, निम्मा, पाऊण लोड, प्रत्येकी अर्धा तास.

नंतर महिन्यातून एकदा अर्धा तास, लोडवर. टाकी भरलेली ठेवा, कारण रिकाम्या टाकीत गोव्याची दमट हवा पाणी होऊन बसते. तळाचा ड्रेन प्लग त्याच दिवशी थोडा सैल करून काचेच्या बाटलीत घ्या: आधी पाणी येईल, नितळ डिझेल यायला लागले की आवळा.