चेहऱ्यांना प्रतिसाद देणारे क्षेत्र कसे आखावे: एफएमआरआय विश्लेषणातील आरओआय

एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे रक्तातील बदलांवरून दाखवणारे स्कॅन. मेंदूच्या एमएनआय-१५२ या प्रमाण साच्यात २ मिलिमीटरचे व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतले छोटे घन, घेतले, तर मेंदूच्या आत दोन लाखांहून अधिक व्हॉक्सेल येतात. प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेऊन ०.०५ ही मर्यादा ठेवली (म्हणजे पाच टक्के चुकीचा धोका पत्करला), तर खरा फरक कुठेही नसताना दहा हजारांवर व्हॉक्सेल केवळ योगायोगाने सक्रिय दिसतील. यावर सांख्यिकीय दुरुस्ती करता येते, परंतु ती कडक असल्यामुळे लहानसा खरा परिणामही तिच्यात हरवू शकतो. म्हणून प्रश्न मेंदूच्या एका ठरावीक भागाविषयी असेल, तर तो भाग आधीच आखून घ्यावा आणि त्याच्या सरासरी संकेतावर एकच चाचणी करावी. अशा आखलेल्या भागाला आरओआय (रीजन ऑफ इंटरेस्ट) म्हणतात. तो कसा आखावा हे फ्युजिफॉर्म फेस एरिया, म्हणजेच एफएफए, या उदाहरणावरून पाहू. नॅन्सी कॅनविशर, जॉश मॅकडरमॉट आणि मार्विन चुन यांनी १९९७ मध्ये वर्णिलेले हे क्षेत्र टेम्पोरल लोबच्या खालच्या बाजूला असते, वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना अधिक प्रतिसाद देते आणि बहुधा उजवीकडे अधिक ठळक असते.

संगणकाला हात लावण्यापूर्वी दोन वाक्ये कागदावर लिहावीत: क्षेत्र कोणत्या तुलनेतून आखणार आणि त्या क्षेत्रात कोणती तुलना तपासणार. आपल्या उदाहरणात क्षेत्र ‘चेहरे विरुद्ध वस्तू’ या तुलनेतून ठरेल आणि ‘ओळखीचे चेहरे विरुद्ध अनोळखी चेहरे’ हा फरक तपासला जाईल. या दोन वाक्यांतली तुलना एकच निघाली आणि दोन्हींसाठी विदाही (डेटाही) तीच वापरायची असली, तर तिथेच थांबून योजना बदलावी.

सर्वांत सोपा मार्ग मेंदूच्या भागांच्या तयार नकाशाचा, म्हणजे अ‍ॅटलासचा. हिप्पोकॅम्पस किंवा अमिग्डाला यांसारख्या रचनांच्या सीमा शरीररचनेवरूनच ठरतात. तिथे फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरकडून प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या स्वतःच्या टी-१ (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) प्रतिमेवर विभागणी करून घेणे हे प्रमाण साच्यावरचा तयार मास्क (क्षेत्रातले व्हॉक्सेल नेमके दाखवणारी प्रतिमा) वापरण्यापेक्षा केव्हाही चांगले. एफएफएसाठी मात्र हा मार्ग अपुरा पडतो. फ्युजिफॉर्म जायरस ही लांबट वळी आहे; हार्वर्ड-ऑक्सफर्ड अ‍ॅटलासमध्ये तिचे चार तुकडे केलेले आहेत आणि एफएफए तिचा लहानसाच भाग व्यापतो. संपूर्ण वळीची सरासरी काढली, तर चेहऱ्यांशी संबंध नसलेल्या व्हॉक्सेलमुळे हवा असलेला संकेत पातळ होतो.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्वीच्या अभ्यासांतील निर्देशांक (एक्स, वाय आणि झेड या तीन अक्षांवरचे स्थान) घेऊन त्याभोवती गोल आखणे. समजा, एमएनआय निर्देशांक (४०, −५०, −२०) घेतला. एफएसएल या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या २ मिलिमीटरच्या साच्यात व्हॉक्सेलचा क्रमांक काढण्यासाठी ९० मधून एक्स वजा करावा, वायमध्ये १२६ आणि झेडमध्ये ७२ मिळवावेत आणि प्रत्येक उत्तराला २ ने भागावे. उत्तर येते २५, ३८ आणि २६. ६ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाचे घनफळ सुमारे ९०५ घन मिलिमीटर भरते, म्हणजे त्यात ११० ते १२५ व्हॉक्सेल असायला हवेत. संख्या फारच वेगळी आली तर त्रिज्येचे एकक चुकले आहे असे समजावे. पहिला अंक विशेष काळजीने तपासावा. एकदा वजाबाकीऐवजी बेरीज केल्यामुळे माझ्याकडे २५ च्या जागी ६५ आले होते आणि गोल बरोबर आरशातल्यासारखा डाव्या अर्धगोलात गेला होता. चूक लक्षात आली ती मास्क प्रतिमेवर ठेवून पाहिल्यावरच. जुन्या अभ्यासांतील निर्देशांक तलाईराख पद्धतीचे, म्हणजे दुसऱ्या एका प्रमाण मेंदूवर आधारलेले, असू शकतात. एमएनआय साचा तलाईराखच्या मेंदूपेक्षा मोठा असल्याने ते रूपांतर केल्याशिवाय वापरू नयेत.

एफएफएचे स्थान माणसागणिक काही मिलिमीटरने सरकते, म्हणून माझ्या मते या क्षेत्रासाठी तिसरा मार्ग, स्वतंत्र लोकलायझर स्कॅन (केवळ क्षेत्र शोधण्यासाठी घेतलेले स्कॅन), हाच योग्य आहे, जरी त्यासाठी स्कॅनरचा जास्तीचा वेळ लागत असला तरी. त्यात चेहरे आणि वस्तू यांची चित्रे आलटून पालटून गटागटाने दाखवावीत, प्रत्येक व्यक्तीचा ‘चेहरे विरुद्ध वस्तू’ नकाशा काढावा आणि आधी ठरवलेल्या शोधक्षेत्रातील सर्वाधिक प्रतिसाद देणारे, उदाहरणार्थ वरचे १० टक्के, व्हॉक्सेल निवडावेत. ठरावीक थ्रेशोल्ड (प्रतिसादाची किमान मर्यादा) लावला तर काही जणांत एकही व्हॉक्सेल उरत नाही आणि त्यांना वगळायचे की थ्रेशोल्ड सैल करायचा, हा निर्णय नकाशा पाहिल्यानंतर घ्यावा लागतो. टक्केवारीच्या नियमाने तो मोह टळतो.

मोह हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांमधला फरक जिथे सर्वाधिक दिसला तेच व्हॉक्सेल निवडून, त्याच विदेवर त्यांची सरासरी काढली, तर विदा निव्वळ गोंगाट असली तरी मोठा फरक ‘सापडतो’, कारण निवडीनेच अनुकूल दिशेला झुकलेला गोंगाट गोळा केलेला असतो. निकोलाउस क्रीगेसकोर्टे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या चक्राकार विश्लेषणाचा धोका सविस्तर मांडला. वेगळा लोकलायझर घेणे शक्यच नसेल, तर एक रन (स्कॅनचा एक सलग टप्पा) बाजूला ठेवून उरलेल्या रनवरून क्षेत्र आखावे, बाजूला ठेवलेल्या रनमध्ये मोजमाप करावे आणि प्रत्येक रनची पाळी आल्यावर सरासरी घ्यावी.

अ‍ॅटलासचा मास्क साच्यावरून व्यक्तीच्या स्कॅनवर आणताना निकटतम-शेजारी पद्धत वापरावी, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलला सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचाच क्रमांक द्यावा. अन्यथा क्षेत्रांचे क्रमांक एकमेकांत मिसळून अर्थहीन होतात. त्यानंतर मास्क साच्यावर नव्हे, तर त्या व्यक्तीच्या सरासरी फंक्शनल (म्हणजे एफएमआरआयच्या) प्रतिमेवर ठेवून प्रत्येकाचा डोळ्यांनी पाहावा. कानाच्या पोकळीतील हवेमुळे टेम्पोरल लोबच्या तळाशी संकेत गळतो. तिथले काळे पडलेले व्हॉक्सेल मास्कमध्ये आले, तर त्यांची सरासरी मेंदूविषयी काहीच सांगत नाही. असे व्हॉक्सेल वगळण्याचा नियम सर्वांसाठी एकच असावा आणि प्रत्येक व्यक्तीच्या मास्कमध्ये शेवटी किती व्हॉक्सेल उरले हे निष्कर्षांच्या तक्त्यात नोंदवावे.