थंडीतील लांब पदभ्रमणासाठी स्लीपिंग बॅग निवडताना
स्लीपिंग बॅगवर छापलेल्या तापमानांपैकी ‘लिमिट’ (जेमतेम झोप लागेल असे तापमान) ऐवजी ‘कम्फर्ट’चा (आरामात झोप लागेल असे तापमान) आकडा पाहावा, कारण दिवसभर चालून थकलेल्या, अर्धपोटी शरीराला कधी कधी तोही अपुरा पडतो. त्याहून महत्त्वाची, तरी बहुतेकांकडून दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे खालची मॅट: बॅगेत भरलेली अंगाखालची पिसे वजनाने दबून त्यांतील हवा निघून जाते आणि जमिनीचा गारवा अडवण्याचे काम जवळजवळ एकट्या मॅटवर येते. बर्फावर झोपायचे असल्यास तिची आर-व्हॅल्यू (उष्णता रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) किमान ५ असावी; फोमच्या मॅटवर हवेची मॅट अंथरल्यास दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, शिवाय हवेची फुटलीच तर फोमची हाताशी राहते. अनेक रात्रींत शरीराची वाफ पिसांत साठून ऊब घटत जाते, म्हणून ऊन मिळताच बॅग वाळवावी.