बुकचोनचे हानोक बघायला जाताना

सोलापुरातून कोरियाला जाणाऱ्या गटाने सोलमधल्या बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीसाठी बुधवार ते शुक्रवारमधला दिवस धरावा. शेजारचा चांगदोकगुंग राजवाडा सोमवारी बंद, ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद आणि शनिवार-रविवारी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

बुकचोनच्या हानोकांत, म्हणजे पारंपरिक घरांत, आजही कुटुंबं राहतात. गर्दीला ती कंटाळली, म्हणून बुकचोन-रो ११-गिल या चढाच्या भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढाच वेळ फिरता येतं. मार्च २०२५ पासून नियम मोडणाऱ्याला १ लाख वॉन, म्हणजे सुमारे सहा हजार रुपये दंड आहे. तिथले दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. पहिल्याच दिवशी बुकचोन ठेवलं तर उठणं जड जातं.

मेट्रोच्या ३ नंबर लाइनवर आंगुक स्टेशन, २ नंबरचं एक्झिट. तिथून बुकचोन-रोने सरळ उत्तरेला, चढ धरून. पायी रस्ता शोधायला गूगल मॅपवर विसंबू नका, नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप घरूनच फोनवर घेऊन ठेवा. चाकांच्या बॅगा हॉटेलवरच ठेवा; गल्लीत त्यांचा खडखड आवाज थेट घरात जातो. उघड्या दारातून आत डोकावणं, उंबऱ्यावर बसून कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा उघडणं तर नकोच.

इथली बरीचशी घरं १९२०-३०च्या दशकांतली. मोठ्या वाड्यांच्या जागांचे तुकडे पाडून लहान प्लॉट केले, म्हणून छपरं एकमेकांना खेटून आहेत. वरच्या टोकाला जाऊन खाली बघा, तेव्हा धाब्याच्या घरांची सवय असलेल्या नजरेला त्या वळणदार कौलांची खरी गंमत कळते.

आतून घर बघायचं तर वाटेतच बेक इन-जे हाउस आहे, १९१३ सालचं. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. हानोकात जमिनीकडे लक्ष द्या. पूर्वी चुलीचा धूर आणि गरम हवा दगडी फरशीखालच्या पोकळ्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायची, त्यामुळे थंडीत फरशीच तापायची. ही ओंदोल पद्धत. लाकडी ओसरी मात्र उन्हाळ्यातल्या वाऱ्यासाठी. कोणत्याही हानोकात शिरताना बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोजे स्वच्छ हवेत.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घेऊन घातला तर चांगदोकगुंग आणि ग्योंगबोकगुंग या दोन्ही राजवाड्यांत फुकट प्रवेश मिळतो.

लहान मुलं सोबत असतील तर चुंगमुरो स्टेशनजवळचं नामसानगोल हे हानोकांचं गाव बरं. तिथल्या पाच घरांपैकी बहुतेक जुनी घरं दुसरीकडून आणून उभारलेली आहेत, राहतं कुणी नाही. पोरांना मोकळं सोडता येतं.